छप्पर मोठं, पाणी वाया

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, आर्लिंग्टन शहरात 2020 साली बेसबॉलचं नवं स्टेडियम उघडलं: ग्लोब लाइफ फील्ड. जुनं 1994 चं, चांगलं धडधाकट होतं. पण उन्हात प्रेक्षक भाजून निघायचे. म्हणून नवं बांधलं आणि त्यावर साडेपाच एकरांचं सरकतं छत घातलं. ऊन तापलं की बंद, हवा बरी असली की उघडं. शहराचा हिस्सा 50 कोटी डॉलरपर्यंत, तोही 2016 मध्ये मतदारांना विचारून.

आपल्याकडे असं कधी होणार, हा प्रश्न मला पडत नाही. मला हिशेब सुचतो. साडेपाच एकर म्हणजे सव्वाबावीस हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपल्याकडचा वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरा. तेवढ्या छपरावर एक कोटी दहा लाख लिटर पडतं. दहा हजार लिटरचे अकराशे टँकर!

टँकर म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यातल्या आमच्या केंदूर-पाबळ पट्ट्यात कुणी कुणाला सांगायला नको. विहिरीत पाइप सोडला की काठावर हंडे आणि कॅन आधीच रांगेत असतात.

खेळ आणि पाणी यांचा वाद आपल्याकडे कोर्टात गेलेला आहे. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले. पुण्याच्या संघाचं घरचं मैदान विशाखापट्टणमला गेलं. 2018 मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानाला पवना नदीचं पाणी वापरायला मनाई झाली. दोन्ही निकाल योग्यच होते. पण स्टेडियम असो की मंगल कार्यालय, एवढं मोठं छप्पर घालणाऱ्याने त्यावरचं पाणी साठवलंच पाहिजे. नाही साठवलं तर परवानगी नको.

आणि गावानेही नुसतं सरकारकडे बोट दाखवू नये. शाळेचं शंभर चौरस मीटरचं छप्पर घ्या. गळती-बाष्पीभवन वजा जाता वर्षाला चाळीस हजार लिटर हाती लागतं. आज ते पागोळ्यांनी भिंतीच्या कडेला पडतं, खड्डा करतं, पाया ओला करतं. पन्हाळ लावा, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्या, बाकीचं वाळू-खडीतून गाळून टाकीत किंवा बोअरमध्ये उतरवा.

कारागीर लांबून आणायचे नाहीत. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. खेड्यातली पोरं तिथं वेल्डिंग, बांधकाम शिकतात, घुमटाकार घरं उभारतात. त्यांना पन्हाळ जड जाईल?

1 मेच्या ग्रामसभेत हा एकच ठराव मांडा: शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, तिन्ही छपरांना पन्हाळ आणि टाकी. जूनच्या आत.