पूर्ण शुद्धीत पासआऊट

माझी भाची गेल्या महिन्यात पुण्यातल्याच एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षांत एकदाही वायडी नाही, म्हणजे वर्ष वाया गेलेलं नाही, एम-थ्री हा गणिताचा तिसरा पेपर पहिल्याच फटक्यात काढलेली मुलगी. समोरच्या साहेबांनी विचारलं, शिक्षण कधी पूर्ण झालं? ती इंग्रजीत म्हणाली, २०२४ला पासआऊट झाले. साहेब हसून म्हणाले, "अरे बापरे! मग शुद्धीवर कधी आलात?" शेजारी बसलेले दोघंही हसले. त्यानंतर तिला स्वतःच्या प्रोजेक्टबद्दलसुद्धा धड बोलता आलं नाही. घरी येऊन पाण्याचा ग्लास हातात धरून बसली आणि म्हणाली, "मामा, मी एवढं चुकीचं बोलले का?"

नाही बाळा. चुकले ते साहेब, आणि हे त्यांना सांगायलाच हवं.

पासआऊट म्हणजे बेशुद्ध पडणं, हा अर्थ खरा आहे. अमेरिकेत तोच आधी आठवतो. पण वयानं तो लहान. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो अमेरिकी बोलीत दिसू लागतो. शिक्षण पुरं करून संस्थेतून बाहेर पडणं हा अर्थ त्याच्या आधीचा, आणि त्याची नाळ आपल्याशी जुळलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८०९ साली लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनजवळ ॲडिसकोंब इथं स्वतःची लष्करी शाळा काढली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या फौजांना लागणारे तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे अधिकारी तिथं घडत. १८६१ला ती बंद झाली. तिथं शिकलेल्यांची चरित्रं लिहिताना एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक सरळ लिहून जातात की अमुक जण ॲडिसकोंबमधून पासआऊट झाला. त्यांच्यापैकी कुणाला चक्कर आली होती असं आजवर कुणी समजलेलं नाही.

पुढे डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ साली सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते, त्यांत सॅम माणेकशॉ. ते १९३४च्या डिसेंबरात तिथून पासआऊट झाले. ब्रिटनमधल्या शब्दकोशांत आजही या क्रियापदाखाली लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ दिलेला असतो. आपण एवढंच केलं की बराकीतला शब्द कॉलेजात आणला. परेडच्या मैदानावरून तो वर्कशॉपमध्ये आला, 'फक्त २०२४ पासआऊट' म्हणून नोकरीच्या जाहिरातीत आला. शब्द असेच घरं बदलतात. इंग्रजीत तर रोज बदलतात.

आणि शब्दाच्या पोटात आहे तरी काय? 'पास'चं मूळ लॅटिन 'पासुस', म्हणजे पाऊल. पासआऊट म्हणजे पाऊल बाहेर टाकणं. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, दीक्षान्त संचलनात एक जागा असते, जी संथ पावलांनी ओलांडली की कॅडेटचं तिथलं शिक्षण संपतं. तिला नाव आहे 'अंतिम पग'. शेवटचं पाऊल. ज्यानं कुणी हे नाव दिलं त्यानं लॅटिन कोश उघडला होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण पासआऊटचं याहून नेमकं भाषांतर मी पाहिलेलं नाही. ३० मे २०२५ला एनडीएच्या १४८व्या कोर्समधून १७ मुली पहिल्यांदाच तिथून बाहेर पडल्या. अनेक वर्तमानपत्रांनी पासआऊट हाच शब्द वापरला. मराठीनंही आणि इंग्रजीनंही. साहेबांनी त्या दिवशीही शुद्धीची चौकशी केली असती का?

आपले जुने शब्द बघा. शिक्षण पुरं होणं सांगताना इंग्रजांना पाऊल आठवलं, आपल्याला पाणी. उत्तीर्ण, म्हणजे पोहून वर आलेला, पलीकडे निघालेला. पारंगत, म्हणजे पैलतीरी पोचलेला. निष्णात या शब्दात स्नान आहे. आणि स्नातक तर शिक्षण संपल्यावर समावर्तनाच्या वेळी विधिपूर्वक न्हालेला. या शब्दांच्या आरंभीचे ते 'उत्' आणि 'नि' करतात काय? इंग्रजीत 'आऊट', 'अप', 'ऑफ' करतात तेच. ते धातूला धरून भलतीकडे नेतात. एका 'हृ' धातूतून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार निघतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. जेवण आणि कत्तल यांत फरक एका उपसर्गाचा. इंग्रजीत तो शब्द मागून लागतो, संस्कृतात पुढून, एवढंच. असल्या क्रियापदांचं भय ज्यांना असेल त्यांना असो, मराठी पोराला ते असण्याचं कारण नाही.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर तर हे रोज चालतं. विषय 'निघतो' किंवा 'राहतो'. राहिला की केटी 'लागते', म्हणजे तो पुन्हा द्यावा लागतो. "एम-थ्री निघाला रे!" ही आरोळी ज्यानं ऐकली आहे त्याला 'आऊट'चा अर्थ शिकवावा लागत नाही. निघणं म्हणजे बाहेर येणंच. शेवटचा विषय निघाला की पोरगं कॉलेजातून 'बाहेर पडतं'. आता या 'पडतं'वर कुणी हसतं का? कुठं लागलं का, असं विचारतं का?

मला सगळ्यात आवडतं ते हे की मराठीनं 'आऊट'चा दुसरा अर्थही घेतला आणि त्याला वेगळी खोली दिली. पिऊन भान हरपलेल्या माणसाला आपण आऊट झाला म्हणतो. गेलेल्याला गल्लीत ऑफ झाला म्हणतात, ते मला बोचतं, पण म्हणतात. आणि पदवी घेतलेला तो पासआऊट. तिन्ही शब्द एकाच चाळीत राहतात आणि आजवर कुणाची चिठ्ठी कुणाच्या घरी गेलेली नाही.

लंडनच्या सभेत एखादा ठराव 'टेबल' केला म्हणजे तो चर्चेला आणला. न्यूयॉर्कमध्ये 'टेबल' केला म्हणजे चर्चा पुढे ढकलली. एकाच शब्दाचे थेट उलटे अर्थ. तरी न्यूयॉर्कचा माणूस लंडनच्या माणसाला हसत नाही. तो विचारून घेतो. हसू येतं ते फक्त पुण्या-नाशकाच्या, लातूर-चंद्रपूरच्या मुलांच्या इंग्रजीला, आणि हसणारेही बहुतेक इथलेच असतात. याचा मला मनापासून राग येतो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा मुलाखतीत आधीच प्रत्येक वाक्य मनात दोनदा तपासत असतो. त्याच्या बरोबर शब्दाला चूक ठरवलं की तो पुढची दहा वाक्यं गिळतो. ती दहा वाक्यं कंपनीच्या कामाची असतात.

अमेरिकी ग्राहकाशी बोलताना 'ग्रॅज्युएट झाले' म्हणावं, कारण तिथं पासआऊट ऐकून माणूस दचकेल. हे मीही भाचीला सांगितलं. एका वाक्याचं काम होतं. तिथं वर्गात कागद वाटण्यालाही तेच क्रियापद वापरतात, हे ऐकून तिला गंमत वाटली. साहेबांनाही हे सांगता आलं असतं, आणि प्रोजेक्टवर बोलायला दहा मिनिटं उरली असती.

पुढच्या आठवड्यात तिची दुसरी मुलाखत आहे. बायोडेटात तिनं शब्द बदललेला नाही. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत आहे. तिची आई, म्हणजे माझी बहीण, उत्तमनगरला राहते. परेडच्या दिवशी त्यांच्या गच्चीवरून एनडीएकडे झेपावणारी विमानं दिसतात. भाची पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून वर जायची आणि खाली हाका मारायची, "लवकर या, आज दादा लोक पासआऊट होतायत!"