साडूंच्या गाड्यांचा पिकअप कसा मोजावा

दोन साडू एका पंगतीत शेजारी बसले आणि दोघांच्याही गाड्या अंगणात उभ्या असल्या, की दुसरी भाकरी ताटात पडायच्या आत ‘पिकअप’ हा शब्द निघतो. ॲव्हरेजवरून वाद होत नाही, कारण त्याबाबत दोघेही सारखंच खोटं बोलतात. किमतीवरूनही होत नाही, कारण हप्ते दोघांचेही चालू असतात. उरतो पिकअप. आमच्या सासुरवाडीत, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, हा प्रश्न तीन दिवाळ्या धुमसत होता. मी मधला साडू. माझ्याकडे मोटारसायकल असल्यामुळे पंच म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. इतर सासुरवाड्यांना उपयोग व्हावा म्हणून पद्धत लिहून ठेवतो.

सुरुवात कागदांपासून करावी. थोरल्यांची स्विफ्ट २०२२ सालची: ११९७ सीसी, चार सिलिंडर, ९० पीएस. धाकट्याची टियागो: ११९९ सीसी, तीन सिलिंडर, ८६ पीएस. टॉर्क दोघींचा ११३ न्यूटन-मीटर. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच ताग्यातलं कापड आहेर करावं तसा. स्विफ्ट वजनाला हलकी, आणि तिचा खरा जोर तिथेच आहे. हे वाचून दाखवलं की टियागोवाला ग्लोबल एनकॅपचे २०२० सालचे चार तारे काढतो. हा पिकअपचा मुद्दा नव्हे, असं पंचाने नम्रपणे सांगावं. तो ऐकत नाही.

मग या आकड्यांतून धाराशिव वजा करावं. शहर बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ, आणि टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच राबतं. ढोबळ हिशेब शंभर मीटरला एक टक्का. म्हणजे ९० पीएस घाट चढून आले की ८४ उरतात. वर मे महिन्याचं ऊन आणि एसी. स्विफ्ट इथे कागदावरच्या टियागोपेक्षाही कमी भरते, हे ऐकून धाकटा मांडीवर थाप मारतो. त्याला थाप मारू द्यावी आणि मग सांगावं, की त्याची टियागोही त्याच घाटाने आली आहे.

मुहूर्त काढणं सर्वांत अवघड. नवरात्र ते कोजागिरी बाद: सोलापूरहून तुळजापूरला भाविक पायी येतात आणि वाहनं दुसऱ्या वाटेने वळवतात. सोयाबीन निघालं की अर्धा रस्ता वाळवणाला जातो. कारखाने सुरू झाले की दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे येतो, त्यावरच्या गाण्यांमुळे त्याला आपला हॉर्न ऐकू येत नाही. रात्रीचा विचार करू नये. उस्मानाबादी शेळी जगात नाव कमावून आहे, पण रंगाने काळी आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी आहे आणि दोघांचीही नजर त्याच्यावरच असते. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचून दाखवावं: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोटार कंपन्या यासाठी बंदिस्त ट्रॅकवर जातात. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा आहे. पण तिथवर जाण्याइतकं पेट्रोल घालायला एकही साडू तयार होत नाही. आम्ही तोडगा काढला तो प्लॉटिंगचा. गावाबाहेर एनए प्लॉट पाडलेले असतात, तीस फुटी रस्ते असतात, कमान असते आणि घर एकही नसतं. मेहुण्याचा तिथे प्लॉट होता, मालकाची परवानगीही मिळाली.

कमानीपासून तारेच्या कुंपणापर्यंत भरली तीनशे पावलं. अशा गाडीला शून्यावरून शंभरला जायला बारा सेकंदांच्या आसपास आणि दोनशे मीटरच्या आसपास लागतात. पुढे ब्रेकला जागा हवी. कुंपणापलीकडे विहीर होती. सर्वानुमते चाचणी शून्य ते साठ अशी ठरली.

शास्त्र सांगतं की चालक एकच असावा, चाकांत हवा कंपनीने सांगितली तेवढी असावी आणि दोन्ही दिशांनी पळवून सरासरी काढावी, म्हणजे वारा नि उतार यांचा हिशेब फिटतो. हवा भरली. दिशा दोन्ही घेतल्या. चालकावर गाडं अडलं. आपल्या गाडीची किल्ली दुसऱ्या साडूला देणारा साडू मी अद्याप पाहिलेला नाही. त्यामुळे ज्याची गाडी तोच बसला. थोरल्यांना पन्नासला पाचवा टाकायची सवय, ॲव्हरेजपायी लागलेली. धाकट्याने क्लच असा सोडला, की पुढची चाकं मुरमात जागेवरच फिरली आणि दोन नवे प्लॉट पाडता येतील एवढी धूळ उडाली.

स्पीडोमीटरवर विसंबू नये. नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवू शकतो, आणि दाखवतो. मोबाइलचं जीपीएस बरं. आम्ही मात्र मेहुण्याच्या अंगठ्यावर भरवसा ठेवला. टियागोची पहिली खेप साडेतीन सेकंद आणि दुसरी नऊ. मध्ये त्याला फोन आला होता. “दाजी, परत एकदा घ्या की,” तो म्हणाला. तेवढ्यात सासूबाईंचा, म्हणजे मामींचा, निरोप आला, की धाराशिवला डोळे दाखवायला जायचंय.

इथे वजनाचा प्रश्न आला. नऊशे-हजार किलोच्या गाडीत पाच माणसं आणि माहेरच्या ज्वारीचं पोतं चढवलं, तर ओझं तिसऱ्या हिश्श्याने वाढतं आणि पिकअप चौथ्या हिश्श्याने बसतो. दोन गाड्यांतला फरक त्याच्यापुढे काहीच नाही. दोघांनाही हे एव्हाना पाठ झालं होतं, आणि धाराशिवच्या वाटेवर कोण पुढे राहतो हे अजून ठरायचं होतं.

“मामी, तुम्ही थोरल्यांच्या गाडीत बसा, मान त्यांचा,” धाकटा म्हणाला.

“छे, ह्याची गाडी मजबूत. चार तारे आहेत,” थोरले म्हणाले. तीन दिवाळ्यांत त्यांनी ते तारे पहिल्यांदाच मान्य केले.

मामींनी दोघांकडे पाहिलं, पोतं दारातच ठेवलं आणि मला स्टँडवर सोडायला सांगितलं. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे कंडक्टरने त्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. ज्वारीचं पोतं अजून दारातच आहे. ज्याला नेता येईल त्याने न्यावं, असा त्यांचा निरोप आहे.