क्रोशावाल्या वहिनी

डोंबिवलीत एखादी सोसायटी आहे आणि तिच्यात क्रोशावाल्या वहिनी नाहीत, असं होत नाही. लोकलमध्ये चौथी सीट मिळो न मिळो, त्यांची सुई चालू असते. समोरच्या बाईच्या सुनेची चौकशी रंगात आलेली असते आणि मधेच हात वर करून त्या म्हणतात, "थांबा हं, खांब मोजतेय." नवखी बाई खिडकीबाहेर बघायला लागते.

आमच्या मजल्यावरच्या वहिनी हल्ली ऑनलाइन असतात. म्हणजे त्यांचं दुकान ऑनलाइन आहे. त्या स्वतः गॅलरीत असतात, कारण उजेड तिथे आहे. सकाळी आठ ते साडेआठ हा फोटोचा मुहूर्त. कठड्याला पांढरा कार्डशीट टेकवायचा, त्यावर तोरण, बाजूला पितळी समई, मागे तुळस. तुळशीच्याही मागे आमच्या दोरीवर माझा लेंगा. "भाऊजी, तेवढा लेंगा सरकवा ना, फ्रेममध्ये येतोय," हे ऐकल्याशिवाय आमचा चहा उतरत नाही. एकदा तो आलाच. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "मागचं ऑफव्हाइट कितीला?" ते वापरातलं आहे, असं वहिनींनी अत्यंत प्रामाणिकपणे कळवलं.

त्यांच्या हाताबद्दल मात्र दुमत नाही. दोन ओळी विणून झाल्यावर पहिल्या ओळीत एक खांब कमी पडलाय असं दिसलं, की सगळं उसवतात. तो खांब कुणालाही दिसणार नसतो. दारावर सात फूट उंच लटकणाऱ्या तोरणाचे खांब मोजायला कोण स्टूल घेऊन चढणार आहे? पण वहिनी उसवतात, आणि उसवताना असा चेहरा करतात, की आपणच दोरा कमी दिला असं समोरच्याला वाटावं. विणकामाचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजाने 1589 मध्येच बनवलं. पण खरा क्रोशा यंत्राला अजूनही नीट जमलेला नाही. बाजारात क्रोशाचं म्हणून जे अस्सल मिळतं, ते कुणाच्या तरी बोटांनीच विणलेलं असतं. ही माहिती वहिनी दर दोन वाक्यांनी देतात. फक्त किंमत सांगायची वेळ आली की ती विसरतात.

मेसेज येतो, "पीपी". प्राइस प्लीज एवढं पूर्ण लिहायला आजकाल कुणाला वेळ नसतो. वहिनी 900 टाइप करतात. खोडतात. 750 करतात. चष्मा पुसतात. मग 650 लिहून पाठवतात आणि लगेच पाठोपाठ, "तुमच्यासाठी 600". समोरच्या बाईने अजून ब्र काढलेला नसतो. स्वतःशीच घासाघीस करून स्वतःच हरणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेत. पॅकिंग आणि हिशेब ही दोन खाती त्यांच्याकडे. त्यांनी एकदा वहीत मांडलं : सूत 210, मणी-आरसे 40, खोका आणि बबल रॅप 30. सहाशेतून वजा जाता उरले 320. तोरणाला लागले वीस तास. म्हणजे ताशी 16 रुपये. दादांनी वही मिटली आणि ते शांतपणे भाजी आणायला गेले. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं, "मी टीव्ही बघत विणते. ते तास कसे धरता?"

कुरियरने त्यांना पहिल्यांदा विज्ञान शिकवलं. वहिनींनी लोकरीचा गणपती विणला. ज्याला अमिगुरुमी म्हणतात, ती ही जपानी धर्तीची कापूस भरलेली बाहुली. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 300 ग्रॅम. सोंड चेपू नये म्हणून दादांनी 30 बाय 30 बाय 25 सेंटिमीटरचा ऐसपैस खोका घेतला. बहुतेक कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. गणपती साडेचार किलोचा निघाला. काउंटरवरच्या मुलाला वहिनी समजावून सांगत होत्या, "अरे, आत कापूस आहे!" मुलगा म्हणाला, "काकू, मी हवेचेच पैसे घेतोय." तेव्हापासून दादा सोंड पोटाशी दुमडून बांधतात आणि सोबत चिठ्ठी घालतात : कृपया उघडल्यावर सोंड सरळ करावी.

कायद्याच्या बाजूनेही दादा दक्ष. ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकायचा तर पूर्वी लहान विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणीचं लचांड असायचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकायला ती लागत नाही. ही बातमी दादांनी जिन्यात सगळ्यांना थांबवून सांगितली आणि गंभीरपणे जोडलं, "आपण अजून चाळीसच्या आत आहोत."

पुण्याच्या भाचीने एट्सीवरही दुकान मांडून दिलं. ही 2005 मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली अमेरिकन पेठ. वीस सेंट दिले की वस्तू चार महिने मांडून ठेवता येते. विकली गेली की साडेसहा टक्के त्यांचे. न्यूजर्सीच्या एका मराठी बाईंनी तोरण मागवलं आणि दाराचं माप इंचात पाठवलं. त्या रात्री वहिनींनी आमच्या, जोशींच्या आणि लिफ्टच्याही दाराला टेप लावून पाहिली.

मवाळ म्हणून ख्याती असलेल्या या बाईंचा दुसरा अवतार मी एकदाच पाहिला. संक्रांतीच्या वाणासाठी 51 बटवे हवे होते. बाई श्रीमंत, बोलण्यात गोडवा. आधी इंटरनेटवरचा फोटो पाठवून "सेम टू सेम मिळेल का?" झालं. मग "आमच्या ओळखीत खूप ऑर्डरी मिळतील" झालं. वहिनी 120 वरून 90 वर, 90 वरून 80 वर सुखाने उतरत होत्या. तेवढ्यात पलीकडून आलं, "घरात बसूनच तर करायचंय ना?"

वहिनींनी सुई खाली ठेवली. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं दादा म्हणतात. चष्मा न पुसता, एकही आकडा न खोडता त्यांनी लिहिलं, "एक बटवा 220. निम्मे पैसे आधी. कुरियर वेगळं." पाच मिनिटांत निम्मे पैसे जमा झाले. दादांनी वही उघडून दोनदा खात्री केली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोरणासाठी "पीपी" लिहिलं. वहिनींनी 900 टाइप केलं आणि चष्मा पुसायला घेतला.

गणपतीच्या ऑर्डरी आषाढ संपेपर्यंतच घेतल्या जातात. नंतर त्यांच्या घरी पोळ्यासुद्धा बाहेरून येतात. तोरण हवं असेल तर दाराचं माप आधी घेऊन ठेवा, आणि सांगतील त्यापेक्षा शंभर रुपये जास्तच पाठवा. परत करायला त्या येतील, पण दार उघडू नका.