मोजून ढगळ

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस घरी स्वस्थ बसत नाही. मनमाडला सेंट्रल रेल्वेचं इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे, तिथे पुलांचे गर्डर तयार होतात. ज्याने 35 वर्षं ड्रॉइंगवर बोट ठेवून गर्डरची भोकं तपासली, त्याच्या हाती जपमाळ दिलीत तर तो आधी मणी मोजेल आणि 108 भरले नाहीत तर दुकानात परत करून येईल. यातले काही जण हरिपाठाला लागतात. काही जण सकाळची पंचवटी एक्स्प्रेस वेळेवर सुटली का, हे कोणी विचारलेलं नसताना बघून येतात. आणि काही जण, देव त्यांच्या घरच्यांचं भलं करो, शर्ट शिवायला घेतात. साधा नाही, ओव्हरसाइझ.

सुरुवात बहुधा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीपासून होते. दिवाळीला ती एक ढगळ शर्ट घालून येते. खांदा दंडावर उतरलेला, बाहीत अजून एक हात मावेल. काका किंमत विचारतात. ऐकतात. मग काही न बोलता चष्मा आणि स्टीलची पट्टी घेऊन येतात. "इंचाला आठ टाके! आणि अठराशे रुपये!" एवढं बोलून ते उठतात ते थेट माळ्याकडे, काकूंचं पायमशीन काढायला.

काकूंना त्या शर्टाचं मुळीच कौतुक नसतं. "हा तर हिचा पाचवीतला युनिफॉर्म," त्या म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. ओव्हरसाइझ ही आपल्याकडची जुनीच चाल. तेव्हा त्याला वाढत्या अंगाचा म्हणत. जूनमध्ये शिवलेला शर्ट दोन वर्षं पुरला पाहिजे, असा टेलरला दम असे. पोरगं वाढायचं, पण शर्टाला काही गाठायचं नाही, आणि गाठतंय असं वाटेपर्यंत तो धाकट्याच्या अंगावर गेलेला असायचा. फरक इतकाच की तेव्हा त्या शर्टाची लाज वाटे.

मुलगी हौसेने तसाच शर्ट बेतायच्या पॅटर्नची पीडीएफ पाठवते. इथे काकांच्या आयुष्याला पुन्हा अर्थ येतो. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते ए-फोर कागदावर पानं काढतात. पहिल्या पानावर छपाई तपासायला एक इंचाचा चौकोन दिलेला असतो. जगातले बाकीचे लोक त्याकडे बघतही नाहीत. काका तिथेच काउंटरवर पट्टी लावतात. "किंचित कमी भरतंय."

"काका, केसभर फरकाने काय होतंय?"

"तू पान बसवायला छोटं केलंस. 97 टक्क्यांवर छापलं तर 50 इंच घेरातला दीड इंच जातो. शंभर टक्क्यांवर काढ." मागे रांगेत दाखल्याच्या झेरॉक्सला आलेली माणसं असतात. त्यांनाही हे गणित समजावून सांगितलं जातं.

मग पानं हॉलमध्ये जमिनीवर एकमेकांना चिकटवायची. हॉल ब्लॉकमध्ये जातो. "स्वयंपाकघरात जायचं कुठून?" असं काकूंनी विचारलं की उत्तर तयार असतं: "पलंगामागून डायव्हर्जन दिलंय." पॅटर्नवरचा बाण कापडाच्या काठाला समांतर हवा, खाचा खाचांना जुळल्या पाहिजेत, पाठ दुमडीवर कापायची. हे सगळं काका ज्या तन्मयतेने वाचतात, त्या तन्मयतेने त्यांनी लग्नपत्रिका वाचली नव्हती, असं काकूंचं मत आहे. कोणी "हे बायकांचं काम घेतलंत की!" म्हणालं तर काका त्याला बसवून घेतात. मापामापाचे कागदी पॅटर्न विकायला 1863 साली अमेरिकेत सुरुवात झाली, ती एबेनेझर बटरिक या शिंप्याने केली, आणि त्याचा सुरुवातीचा माल पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचाच होता, इथवर ऐकल्यावाचून सुटका नाही.

पण खरी अडचण मनाची असते. छाती 38 आणि शर्टाचा घेर 50. मधले 12 इंच कशासाठी, हे त्यांना पटत नाही. पूर्वी मनमाडला दोन गेज भेटत. मुंबईकडून 1676 मिलिमीटरचं ब्रॉडगेज, निजामाच्या मुलखातून 1000 मिलिमीटरचं मीटरगेज. काकांना तो शर्ट म्हणजे मीटरगेजच्या गाडीखाली ब्रॉडगेजचा रूळ वाटतो. शेवटी ते एक तोडगा काढतात: ढगळ तर ढगळ, पण ढगळपणा बरोबर 12 इंच हवा. सव्वाबारा झाला तर उसवायचा.

कापडाच्या दुकानात शर्टपीस म्हणजे 1.60 मीटर, हा पाठ दुकानदाराला झोपेतही येतो. काका पन्हा विचारून, कागद काढून अडीच मीटर मागतात. "किती जणांचा?" दुकानदार विचारतो. पण त्याहून वाईट पुढचं. कापण्याआधी कापड धुऊन घ्या, नाहीतर मागाहून आटेल, असं पॅटर्नमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्याने ते लिहिलं तो मनमाडला कधी राहिलेला नाही. ज्या गावाने नळाच्या पाण्याची पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस वाट बघण्यात वर्षं काढली, तिथे कोरंकरकरीत, एकदाही न घातलेलं कापड धुवायचं? काकूंनी त्या दिवशी जे ऐकवलं, त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "कापड नंतर आटेल, वागदर्डी धरण आधी आटलंय."

शिवण मात्र, खरं सांगायचं तर, देखणी असते. काकू मापाचा ब्लाऊज समोर ठेवून दुपारच्या झोपेआधी नवा बेतून मोकळ्या होतात. काकांना कॉलरलाच आठवडा लागतो. पण टोकं दोन्हीकडे सारखी, बकरमला सुरकुती नाही, आतली प्रत्येक कडा दुमडून दुहेरी टिपेखाली बंद. योक जोडताना सगळा शर्ट गुंडाळून दोन योकांच्या मध्ये कोंबायचा, टीप मारायची आणि उलटवून बाहेर ओढायचा, ही करामत तर ते आल्यागेल्याला चहाआधी दाखवतात. भांडण होतं ते काज करणाऱ्याशी. त्याने सगळी काजं उभी पाडलेली असतात. कॉलरपट्टीवरचं काज आडवं हवं, असं मार्किंग असतानाही.

आणि मग काका तो शर्ट घालून बाजारात जातात.

पहिला भेटणारा म्हणतो, "वजन बरंच उतरलं हो! शुगर तपासली का?" दुसरा काळजीने काकूंना फोन करतो. तिसरा मेथीच्या दाण्यांचा उपाय सांगतो. "अहो, पॅटर्नच असा आहे," हे काका जीव तोडून सांगतात, आणि लोक माणूस खचला की असंच बोलतो म्हणून मान हलवतात. घरी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. ती शर्ट नीट बघते आणि म्हणते, "बाबा, भारी! पण थोडा अजून लूज हवा होता."

काका खचत नाहीत. आता भाचे, जावई, व्याही या क्रमाने सगळ्यांची मापं घेतली जाताहेत. तुम्हालाही असा शर्ट हवा असेल तर मनमाडला अवश्य या, शिलाई घेणार नाहीत. कापड मात्र आपलं आणा, आणि येताना धुऊन आणा.