हाफ पँटीतले लेखक

आमच्या वाईत त्या काळी मुलगा मोठा झाला की नाही, हे ओळखायची एकच खूण होती. सातवीपर्यंत नगरपालिकेची शाळा आणि हाफ पँट. आठवीपासून हायस्कूल आणि फुल पँट. मुंज, मिसरूड, फुटलेला आवाज हे सगळं त्यापुढे गौण. १९८४ च्या मे महिन्यात माझी पहिली फुल पँट शिंप्याकडे पडून होती. लग्नसराईचे दिवस, नवरदेवांचे सफारी सोडून आमच्या पँटीला हात लावायला त्याला सवड नव्हती. ‘शाळा सुरू व्हायच्या आत देतो’ एवढाच वायदा. जुन्या शाळेतून नाव कमी झालेलं, नव्या शाळेत अजून हजेरीपटावर चढलेलं नाही. अशा अधांतरी अवस्थेत वाईतला मुलगा दोनच गोष्टी करू शकतो. एकतर नदीत डुंबतो, नाहीतर साहित्याकडे वळतो. आणि मे महिन्यात घाटाशी कृष्णेला घोट्याएवढं पाणी होतं.

वाचनालयाची वर्गणी आजोबांच्या नावावर होती. एक पुस्तक, एक मासिक, आणि पुस्तक दिवसातून एकदाच बदलून मिळणार. हा नियम माझ्या मुळावर आला, कारण सकाळी आणलेलं पुस्तक दुपारच्या चहाच्या आत संपायचं. परत घेऊन गेलं की वाचनालयातले काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, “एवढ्यात? चाळलंस की वाचलंस?” मग मधलंच एखादं पान उघडून प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं तरी नियम तो नियम, पुस्तक उद्याच. बाकी माणूस मिश्किल. एकदा आजोबा स्वतः वाचनालयात गेले, तेव्हा रजिस्टर पुढे सरकवून त्यांनी अदबीनं विचारलं, “अलीकडे फास्टर फेणे बराच आवडायला लागलाय वाटतं?” आजोबा घरी आले आणि माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्या उशाचं ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ गायब. प्रतापगड आमच्यापासून महाबळेश्वरच्या पलीकडे, म्हणजे जवळजवळ घरचाच. तिथे हा फुरसुंगीचा पोरगा काय दिवे लावतो, हे बघणं त्यांना कर्तव्य वाटलं असावं.

मी वाचत होतो त्याला ना शेंडा ना बुडखा. भा. रा. भागवतांच्या पाठोपाठ नारायण धारप, धारपांनंतर साने गुरुजी, गुरुजींचे डोळे पुसतोय तोवर बाबुराव अर्नाळकर. मध्येच जयंत नारळीकर, कारण एप्रिलच्या ३ तारखेला राकेश शर्मा अंतराळात गेलेले आणि गावातल्या प्रत्येक मुलाची जाण्याची तयारी झालेली. चांगलं कोणतं, टुकार कोणतं, हा प्रश्नच पडत नव्हता. आता पडतो. आता चार पानांत पुस्तक मिटता येतं, नाक मुरडता येतं, परिसंवादात ‘अभिरुची’ वगैरे म्हणता येतं. पण चव आली आणि भूक गेली, असा हा व्यवहार आहे. त्यात फायदा कुणाचा झाला, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, असं तेव्हा आदरानं सांगितलं जायचं. आमच्या वाचनालयात त्यातल्या ज्या होत्या, त्यांची अवस्था मात्र पाहवत नसे. इतक्या हातांतून गेलेल्या की शेवटचं पान शाबूत असलेली प्रत म्हणजे नशीब. झुंजार रिव्हॉल्व्हर रोखून उभा आहे, खुनी बुरखा काढतो आहे, आणि खाली एकदम पुठ्ठा. कधी उलटाही प्रकार. शेवट शाबूत, पण पहिल्याच पानावर कुणा पुण्यात्म्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, ‘खून दिवाणजीने केला आहे. वेळ घालवू नये.’ या दुसऱ्या प्रकारावर इलाज नव्हता. पहिल्यावर होता. रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्या पडल्या मी शेवट रचायचो आणि सकाळी लिहून काढायचो. एकाच कथेचे वेगवेगळे शेवट व्हायचे. एकात खुनी डॉक्टर, एकात पुतण्या, आणि घरी बोलणी बसलेल्या दिवशी कुटुंबातलीच एखादी वडीलधारी व्यक्ती.

लिहायचं कशावर, हा प्रश्न दरवर्षीच्या रिवाजानं सुटलेला होता. परीक्षा संपली की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची आणि त्यांची नवी वही बांधायची. हे काम जमिनीवर बसूनच करायचं. पानांच्या कडा जुळवून त्यावर पाटा ठेवायचा, म्हणजे ती हलत नाहीत. मग दाभणानं भोकं पाडून, दोऱ्याला मेण लावून टाके घालायचे. आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, नाहीतर पावसाळ्यात झुरळं पुठ्ठा कुरतडतात. आत एकरेघी, दुरेघी, चौकटी अशी सगळी पानं एकत्र. त्यामुळे माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक साध्या पानावर मोटारीत बसायचा, गणिताच्या चौकटींतून पाठलाग करायचा आणि इंग्रजीच्या चाररेघीत बेशुद्ध पडायचा. एका पानाच्या कोपऱ्यात आधीचं ‘सुधारणा आवश्यक’ राहून गेलं होतं, लाल शाईत. ते कथानकाला उद्देशून असावं असं वाचणाऱ्यांना वाटे.

किती वेगानं लिहावं, याबाबत मात्र माझा गोंधळ उडालेला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत लिहून काढली, हे मी वाचलं होतं. दुसरीकडे आमच्या गावातच मराठी विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मुख्य संपादक. पहिला खंड १९७६ साली निघालेला, आणि ‘अ’पासून निघालेली मंडळी ‘ज्ञ’पर्यंत केव्हा पोहोचतील हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. तिथे काम करणारे एक गृहस्थ आमच्या आळीत राहायचे. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी पिशवीत भाजी घेऊन परत यायचे. हा माणूस दिवसभर लिहितो आणि पहिल्या तारखेला पगार घेतो, हे कळल्यावर मला साहित्याबद्दल जो आदर वाटला, तो नंतर कुठल्याही पुरस्कारानं वाटलेला नाही. तुरुंगात गेलं तर पाच दिवस, सरकारी नोकरीत गेलं तर जन्म. मी या दोहोंच्या मधला सुट्टी हा मार्ग पत्करला.

सिनेमाचं प्रकरण वेगळं होतं. सिनेमे मी पाहिले थोडे आणि ऐकले फार. ‘शोले’ तर आमच्या पिढीतल्या कित्येकांनी आधी कानांनीच पाहिला. त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. गणपतीत, लग्नात कर्ण्यावरून गब्बर गरजायचा आणि आम्ही मांडवात बसून डोळ्यांपुढे डोंगर उभे करायचो. शिवाय वाड्यात एक दादा होता, दहावीला दुसऱ्यांदा बसलेला. त्याला सिनेमाला जायला पैसे कुठून मिळत हे गूढ होतं, पण आल्यावर तो पायरीवर बसून आख्खी ष्टोरी सांगायचा. नुसती ष्टोरी नव्हे, पार्श्वसंगीतासकट. “मंग हिरो मागं वळतो… ढॅण… ढॅण… आन् दारात कोण? तर त्याचाच बाप! पन त्याला म्हाईत न्हाई हां, की ह्यो आपला बाप हाय.” गाणं आलं की तो विडी ओढायला उठायचा, हे मध्यंतर. तीन तासांचा सिनेमा तो सव्वातीन तासांत सांगायचा. त्यातले काही मी पुढे पडद्यावर पाहिले आणि माझी निराशा झाली. दिग्दर्शकानं बऱ्याच चांगल्या जागा गाळल्या होत्या.

त्याच मे महिन्यात वाड्यानं वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. पैसे वसूल व्हायचे तर एका रात्रीत तीन सिनेमे बघायला हवेत, याबद्दल थोरांत एकमत होतं. चौकात सतरंज्या, पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर काका मंडळी, जिन्यात काकू. पहिला सिनेमा देवाचा, म्हणजे सगळ्यांना निमूट बसावं लागलं. दुसरा ‘कुली’. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला याच सिनेमाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चनच्या पोटाला जबर मार लागलेला; तो वाचावा म्हणून आमच्या ढोल्या गणपतीलाही नवस बोलले गेले होते. सिनेमा पुढच्या वर्षी आला, आणि मार लागला त्या क्षणी मनमोहन देसाईंनी चित्र गोठवून पडद्यावर तशी पाटीच दिली. आमच्या चौकात ही पाटी वाचेपर्यंत कोण थांबतो? चित्र थबकल्याबरोबर “अडकला! अडकला!” असा ओरडा झाला. दहावीवाला दादा झेप घेऊन ट्रॅकिंगचं बटण पिळायला लागला, एका काकांनी खिशातली कोरी नोट काढून तिनं हेड पुसायची तयारी केली, आणि या धांदलीत कुणाच्यातरी पायात वायर येऊन चित्रच बंद पडलं. सुरू झालं तेव्हा बच्चन मारामारी जिंकून पुढच्या गाण्यात पोहोचला होता. तिसरा सिनेमा कोणता होता हे मी सांगू शकत नाही. पहाटे तो पाहणारे दोघंच जागे होते, आणि सकाळी पाण्याच्या नळावर दोघांनी शेवट वेगवेगळा सांगितला. मला दोन्ही पटले. मी तिसरा लिहिला.

आता एवढं साहित्य घरात पडून राहणं बरं नव्हे, म्हणून आम्ही दोघातिघांनी हस्तलिखित काढायचं ठरवलं. नाव ‘कृष्णाकाठ’. नाव ठरलं, मुखपृष्ठावर घाटाचं चित्र रंगवून झालं, आणि वाचनालयातल्या काकांनी नवं आलेलं पुस्तक समोर ठेवलं: यशवंतराव चव्हाणांचं आत्मचरित्र, ‘कृष्णाकाठ’. आमच्यात मोठीच खळबळ. एकाचं म्हणणं, साहेबांना कऱ्हाडला पत्र टाकून परवानगी मागावी. दुसऱ्याचं, त्यांनी आपली मागितली नाही, मग आपण का? काकांनी निवाडा दिला, “नदी दोघांची आहे. त्यांचा काठ कऱ्हाडचा, तुमचा वाईचा.” टोपणनावांवरूनही वाद झाला. आमच्यातल्या प्रत्येकाला ‘ज्वालामुखी’ व्हायचं होतं. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवताना आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं होतं, हे मला फार नंतर कळलं. वेळेवर कळतं तर ज्वालामुखीचा प्रश्न शांतपणे मिटला असता.

प्रती काढायच्या कार्बन कागद घालून, बॉलपेन दाबून. पहिली प्रत ठसठशीत, दुसरी निळसर, तिसरी धूसर. चौथी प्रत मिळालेल्या वाचकाला कल्पनाशक्तीवर विसंबावं लागे. वाचनाचं भाडं दिवसाला दहा पैसे. आलेली रक्कम बर्फाच्या गोळ्यात गुंतवली जायची.

अंकाचं मुख्य आकर्षण म्हणजे माझी क्रमशः रहस्यकादंबरी. नायक अर्थातच झुंजारच्या घराण्यातला. तो मे महिन्यात वाईच्या बाजारातून ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट घालून हिंडायचा आणि त्याच्याकडे कुणीही वळून बघायचं नाही. खलनायकानं एक हिरा पळवून मेणवलीच्या घाटावर, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेल्या त्या पोर्तुगीज घंटेत लपवलेला. घंटा १७०७ सालची, तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू. ही माहिती मी आजोबांकडून घेऊन कथेत जशीच्या तशी घुसवली होती, त्यामुळे ऐन पाठलागात नायक थांबून इतिहास सांगायचा. प्रकरणाच्या शेवटी खलनायक घंटेचा टोल धरून लोंबकळतो, वरून पिस्तूल, खाली नदी. क्रमशः.

पण तेवढ्यात जून उजाडला. पाऊस पसरणीच्या घाटावर आला, शिंप्यानं पँट दिली. वाढतं अंग म्हणून त्यानं पायाला इतकी दुमड ठेवली होती की ती पँट मी मॅट्रिकपर्यंत ‘उसवत’ गेलो. हायस्कूलमध्ये संस्कृत सुरू झालं, मराठीच्या सरांनी रहस्यकथा हे साहित्य नव्हे असं पहिल्याच तासाला सांगून टाकलं, आणि दुसरा अंक काही निघाला नाही.

अडचण एकच झाली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दहा पैसे आगाऊ देऊन ठेवले होते. रोज शाळेतून आलो की कठड्यावरून हाक यायची, “अरे, त्या हिऱ्याचं काय झालं?” मी संस्कृतच्या रूपांचं कारण सांगायचो. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी दहा पैसे परत द्यायला वर गेलो, तर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “मी लावलाय शेवट. तो चोर नदीत पडला, पण मे महिन्यात पाणी कुठलं, नुसता पाय मोडला. हिरा ढोल्या गणपतीला वाहिला. आणि तुझ्या त्या कोटवाल्याला विश्वकोशात लावून दिलाय.”

मी विचारलं, “विश्वकोशात कशाला?”

“मग काय जन्मभर पिस्तूल घेऊन हिंडेल? कायम झाला म्हणजे मुलगी बघतील. तू आपला तेवढं लिहून काढ, आणि चौथी प्रत मला देऊ नकोस.”