करंगळीने जागा सोडली

सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये स्लिप नसते. पाण्याच्या टाकीजवळ जो गप्पा मारत उभा असतो, तो स्लिप. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं होतं, कांदेपोहे झाले होते आणि पन्नाशी उलटलेली मंडळी पोट आत घेऊन बॅटी फिरवत होती. मी टाकीजवळ होतो. चेंडू आला, मी दोन्ही हात पुढे केले, आणि तो तळव्यात यायचं सोडून माझ्या उजव्या करंगळीच्या टोकावर आला.

दुखलं ते नंतर, आधी दिसलं. पुढची दोन पेरं मागच्या पेराच्या पाठीवर चढून बसली होती. बाजूने पाहिलं तर बोटाला चक्क एक पायरी पडलेली. वाकवावं म्हटलं तर मधला सांधा वाकायला तयार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अवयवाकडे मी परक्यासारखा बघत राहिलो.

मराठी माणूस जन्मतःच थोडा हाडवैद्य असतो. एक म्हणाला, "हलवून बघा. हलतंय ना, मग मोडलेलं नाही." (साफ चूक. मोडलेलं बोटही हलतं.) दुसऱ्याने आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप सुचवला. बी विंगमधले काका मात्र बोलण्यात वेळ घालवणारे नव्हते. शेकहँड करावा तसा हात पुढे करत ते म्हणाले, "डोळे मिटा. खसकन ओढतो. आमच्या कबड्डीत असंच बसवायचे." मी डोळे मिटलेही होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, "अहो, कुणाच्या हातात हात देऊ नका! आधी ती अंगठी काढा!"

लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी बायकोने अंगठी काढायला सांगावी, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण तिचं बरोबर होतं. सूज एका बोटापुरती थांबत नाही, शेजारच्या बोटावरही पसरते, आणि मग अंगठीचा फास होतो. साबण लावून, पिळवटून ती निघाली. मग गोठलेल्या मटारची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून बोटावर ठेवली आणि सूज उतरावी म्हणून हात वर धरून मी रिक्षात बसलो. सिग्नलला दोन ओळखीच्यांनी हात हलवून प्रतिसाद दिला.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. "काका, कॅच का?" मी न सांगताच तिने ओळखलं. चेंडू बोटाच्या टोकावर बसला की मधला सांधा मागच्या बाजूला निखळतो; हाताच्या बोटांत सगळ्यात जास्त निखळणारा सांधा हाच, म्हणाली. टोकाला बधिरपणा आहे का, नखाचा रंग गुलाबी आहे का, ते पाहिलं आणि आधी फोटो काढायला पाठवलं. कारण निखळलेल्या सांध्याच्या आडोशाला हाडाचा टवका उडालेला असू शकतो, आणि तो वरून कुणालाच दिसत नाही, बी विंगलासुद्धा नाही.

ओढण्याबद्दल विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. बोटाच्या मुळाशी, तळव्यालगतचा सांधा निखळलेला असताना कुणी नुसतं ओढलं, तर सांध्याची तळव्याकडची जाड पट्टी आत अडकून बसू शकते. मग ते बोट ओढून येत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. माझ्या बोटाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, भूल देणारी इंजेक्शनं दिली. (खरं दुखलं ते हे.) मग तिने बोट आधी आणखी थोडं मागे झुकवलं आणि निखळलेला भाग मुळाकडून पुढे सरकवला. 'टक्' झालं. जोर म्हणावा असा लावलाच नाही. सांधा वाकवून पाहिला, पुन्हा फोटो काढला आणि करंगळी अनामिकेला चिकटपट्टीने बांधून टाकली. मध्ये घाम टिपायला कापूस. शेजारधर्माचा इतका स्वस्त उपचार मी दुसरा पाहिलेला नाही.

घरी आल्यावर आधार शोधायला पुस्तकं काढली. सुश्रुताने निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. बोटासाठी त्याचा सल्ला असा, की ते सरळ जागेवर आणावं, पातळ कापडाच्या पट्टीने गुंडाळावं आणि वरून तूप सोडावं. पट्टी थंडीत सात दिवसांनी बदलावी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. पट्टीबद्दल त्याचं आणि डॉक्टरीणबाईंचं एकमत दिसलं. तुपाबद्दल मी घरात विचारलं. "पाची बोटं तुपात आहेतच तुमची," एवढंच उत्तर आलं.

मग मी रोहित शर्माचा दाखला दिला. डिसेंबर 2022, मीरपूर. क्षेत्ररक्षण करताना अंगठा दुखावला, निखळला, टाके पडले, तरी पठ्ठ्या नवव्या क्रमांकावर येऊन 28 चेंडूंत नाबाद 51. "आणि मॅच?" बायकोने विचारलं. मॅच आपण पाच धावांनी हरलो होतो.

तीन आठवडे दोन बोटं जोडीने हिंडली. शाळेत करंगळी दाखवली की बाहेर जायची परवानगी मिळायची. आता करंगळी दाखवायची तर अनामिकाही उभी राही, आणि अर्थच लागेना. व्यायाम मात्र दुसऱ्या दिवसापासून. बोट हलवणारे स्नायू बोटात नसतातच. ते तळव्यात आणि कोपराखाली असतात आणि दोऱ्यांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुलीसारखी. दोऱ्या पडून राहिल्या की चिकटतात. मी टीव्हीसमोर बसून मूठ उघडायचो, मिटायचो. नातवाला वाटलं, आजोबा टाटा करतायत.

एक गोष्ट मात्र चेष्टेत घालवण्यासारखी नाही. चेंडू लागून बोटाचं फक्त शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि आपल्या बळाने सरळ होत नसेल, तर तो सांधा निखळलेला नसून बहुधा वरची दोरी तुटलेली असते. दुखतं कमी, म्हणून लोक पंधरा-पंधरा दिवस तसेच फिरतात. ते पेर सहा ते आठ आठवडे पट्टीत सरळ ठेवावं लागतं, अंघोळीतसुद्धा. मध्ये एकदा वाकलं की मोजणी पुन्हा एकपासून.

माझा सांधा अजून जाड आहे. सूज महिनोन् महिने रेंगाळते, हे आधीच सांगितलं होतं. बी विंगमधले काका भेटले की करंगळीकडे बघून हळहळतात: "तेव्हाच ओढलं असतं, तर!" आणि मी बोट धरून खाली बसलो होतो, तेवढ्यात पळून तीन धावा काढल्या गेल्या होत्या, त्याही काकांनीच.