रणगाडा : एक गृहोद्योग

टेबलावर युद्ध खेळायचं तर पहिली अडचण शत्रूची नसते, टेबलाची असते. ते जेवणाचं असतं. म्हणून रणगाड्याचं काम रात्रीची ताटं उचलल्यावर काढावं आणि सकाळच्या पोह्यांआधी आवरावं.

नवशिक्याने 1/72 प्रमाणातला शर्मन रणगाडा घ्यावा. खरा 5.84 मीटर लांब, आपला जेमतेम 8 सेंटिमीटर. पण नुसता शर्मन जोडला तर जाणकार नाक मुरडतात; त्याचा ‘फायरफ्लाय’ करावा लागतो. साध्या शर्मनच्या 75 मिलीमीटर तोफेचे गोळे जर्मन टायगर रणगाड्याच्या कपाळावरून फुटाण्यासारखे उडत. म्हणून ब्रिटिशांनी त्याच बुरुजात 17 पौंडी तोफ कोंबली. कोंबलीच. तिचा मागचा भाग आडवा केला, रेडिओ बुरुजाच्या पाठीला लावलेल्या खोक्यात ढकलला आणि गोळ्यांना जागा हवी म्हणून पाच जणांतला एक खाली उतरवला. दहा बाय दहाच्या खोलीत गोदरेजचं कपाट बसवलेल्यांना हे तंत्र वेगळं सांगायला नको.

खरी नळी 4.2 मीटरच्या आसपास. भागाकार केला की 58 मिलीमीटर. त्यातली थोडी बुरुजात जाते. किटमधली आखूड नळी नेलकटरने छाटावी. नवीसाठी 14 नंबरची विणायची सुई उत्तम : अ‍ॅल्युमिनियमची, 2 मिलीमीटर जाड, नाकासमोर सरळ. फक्त ती कोणाची आहे हे आधी पाहावं. ‘‘अरे, माझ्या सुईची जोडीदार पाहिलीस का?’’ असं आईने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी सोफ्याखाली वाकून मनापासून शोधली. अर्धा मफलर अजून उरलेल्या सुईला लटकतो आहे.

मागचं खोकं एम-सीलचं करावं. मळताना बोटं ओली हवीत, नाहीतर अंगठ्याचा ठसा उमटतो आणि या प्रमाणात तो जवळजवळ सैनिकाएवढा दिसतो.

रंग दुधाइतका पातळ करून खाकी-हिरव्याचे दोन हात द्यावेत. रणगाडा कोरा करकरीत दिसू लागला, की तो घाण करायला घ्यावा. छंदाचा निम्मा वेळ यातच जातो. खाचांत काळपट पाणी सोडायचं, कडांवरून जवळपास कोरडा ब्रश फिरवायचा, पट्ट्यांना गेरू आणि फेव्हिकॉलचा चिखल, वर चिमूटभर रांगोळीची धूळ. संदर्भासाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊ नये. तिथले रणगाडे इतके टापटीप रंगवलेले असतात की आपल्या चिखलाची आपल्यालाच लाज वाटते.

आता शेवटचं आणि सर्वांत जिव्हारी लागणारं काम. लांब नळीचा शर्मन दिसला की जर्मन आधी त्यालाच टिपत. म्हणून ब्रिटिश नळीच्या पुढच्या अर्ध्या भागाची खालची बाजू पांढरट रंगवत, कड नागमोडी ठेवत. दुरून नळी आखूड वाटे. म्हणजे जी लांब करण्यात आपले तीन आठवडे आणि एक मफलर गेला, ती आता आखूड दिसेल अशी रंगवायची. मी रंगवली. भिंग लावून रंगवली.

रविवारी मित्र टायगर घेऊन आला. माझे चार शर्मन झुडपांआडून निघाले. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. ‘‘चारही साधेच ना रे? मग कुठलाही मारतो.’’

इथे गप्प बसावं. नियमपुस्तकात तसं लिहिलेलं नाही, पण बसावं.

‘‘साधे?’’ मी म्हणालो. ‘‘डावीकडचा फायरफ्लाय आहे! नळी बघ ना नीट. सुई आहे ती, चौदा नंबरची!’’

त्याने शांतपणे टेप लावून अंतर मोजलं आणि फासे उचलले. स्वयंपाकघरात मिक्सर थांबला.

‘‘कसली सुई?’’